लेहला निघण्यापूर्वी वाचावे

गोपाळनगर, नागपूर
कार्तिक पौर्णिमा

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा रात्री जेवताना आपले बोलणे अर्धवट तुटले आणि पहाटे तू विमानतळावर निघालीस तेव्हा आई समोर असल्यामुळे तो विषय आपण दोघांनीही काढला नाही. फोनवर काढला असता तर आधी तुझा आवाज चढला असता, मग माझा, आणि शेवटी आईने फोन हातातून काढून घेऊन तुला "जेवलीस का" असे विचारले असते. म्हणून लिहीत आहे. तू विचारलेस, "बाबा, तुम्ही मला अजून शिकाऊ उमेदवार समजता का?" नाही, समजत नाही. जिच्या सहीने जवानांसाठी विजेची एवढी मोठी यंत्रणा लडाखला जाणार आहे तिला शिकाऊ समजण्याची माझी प्राज्ञा नाही. पण मी जन्मभर तारांखाली उभा राहिलेला माणूस आहे, आणि अशा माणसाला काही प्रश्न विचारल्याशिवाय झोप लागत नाही. या पत्रात मात्र अर्थिंगविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

आधी जे तोंडाने म्हणता आले नाही ते लिहितो. तुला प्रकल्प संचालक नेमल्याचे तू सांगितलेस तेव्हा मी "छान झाले" एवढेच म्हणालो आणि भाकरी मोडत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंबाझरीच्या बाजूला फिरायला गेलो असता जो भेटेल त्याला थांबवून सांगितले. मागच्या गल्लीतले आपले काका भेटले. आयुष्यभर आयुध निर्माणीत होते, पिनाकाच्या रॉकेटचे भाग तयार होताना त्यांनी रोज पाहिले आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणत्या श्रेणीत?" मी म्हणालो, "शास्त्रज्ञ 'एफ'." त्यावर त्यांनी हातातली काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने मला कडक सलाम ठोकला. तो सलाम तुझा आहे, माझ्याकडे तो ठेव म्हणून आहे. आईने देवापुढे साखर ठेवली आणि दादाला फोन केला. दादा त्याच्या पद्धतीने बोलला, ते तुला कळलेच असेल. त्याचे मनावर घेऊ नकोस. वर्ध्याच्या घराचा प्रश्न सुटला की तो निवळेल.

आपण नागपूरकरांनी लष्कर नेहमी कुंपणाच्या भिंतीपलीकडचे पाहिले. वायुसेना नगरातले मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय, कामठीचे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र, वाडीच्या रस्त्यावरची निर्माणी, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो, ही सगळी नावे आपल्याला बसच्या थांब्यांसारखी पाठ होती, पण आत काय चालते हे विचारण्याची रीत नव्हती. आता काळ बदलला आहे. नागपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या 'नागास्त्र-१' या शस्त्रसज्ज ड्रोनचे पहिले १२० नग जून २०२४ मध्ये सैन्याकडे गेले, ही बातमी मी तुला फोनवर वाचून दाखवली होती, आणि तू म्हणाली होतीस की बाबा, नऊ किलोचे ते यंत्रही शेवटी बॅटरी टिकेल तितकाच वेळ आकाशात राहणार. तुझे सगळे विचार त्या एका वाक्यात होते, हे मला तेव्हा उमगले नाही. आता थोडे थोडे उमगते आहे.

नीलूआत्याने भाऊबीजेला विचारले, "म्हणजे मनू बंदुका करते का?" तेव्हा तू तिला जे समजावून सांगितलेस ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो. तू म्हणालीस की उंचावरच्या ठाण्यात जवानाला गोळीपेक्षा आधी ऊब लागते, बर्फ वितळवून पाणी करायला आच लागते, रेडिओला आणि रात्री पाहण्याच्या दुर्बिणीला वीज लागते, आणि हे सगळे रॉकेल आणि डिझेल यांच्यावर चालते. त्यातला प्रत्येक लिटर कोणीतरी ट्रकने, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने वर चढवलेला असतो. खिंडी बर्फाने बंद होण्याआधी सगळ्या हिवाळ्याचा साठा वर पोचवावा लागतो. बंद खोलीत रात्रभर पेटलेल्या बुखारीच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीच्या, कार्बन मोनॉक्साइडने झोपलेली माणसे दगावतात, म्हणून डीआरडीओच्या दिल्लीच्या डिपास संस्थेने 'हिमतापक' नावाचे नवे शेगडीयंत्र तयार केले आणि २०२१ च्या जानेवारीत सैन्याने त्याची मोठी मागणी नोंदवली, हेही तू सांगितलेस. मग अमेरिकेचे उदाहरण दिलेस. अफगाणिस्तानातल्या २००७ च्या आकडेवारीवरून त्यांच्या सैन्यानेच हिशेब मांडला की इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मारला जातो किंवा जखमी होतो. पुढे त्यांच्या संरक्षण खात्याने मोहिमेवरच्या ऊर्जेसाठी वेगळे कार्यालयच काढले. "आत्या, एक टँकर कमी लागला तर त्या टँकरचा चालक घरी राहतो. मी ते काम करते," असे तू म्हणालीस. नीलूआत्याला सगळे समजले की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तिने तुझ्या ताटात आणखी एक पुडाची वडी वाढली. मी दारातून मागे फिरलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते कोणी पाहावे असे मला वाटत नव्हते.

तुला आठवते का, फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर ते लेह ही २२० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी सुरू झाली त्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन तुझ्यासमोर बसलो होतो? सुमारे ३३५ किलोमीटरची वाहिनी, द्रास आणि कारगिलवरून, झोजिलाच्या बर्फातून. ज्यांनी ते मनोरे उभे केले त्यांना मी मनातून नमस्कार केला होता. तू तेव्हा नकाशावर बोट ठेवून म्हणालीस की लेहपर्यंत वीज पोचली, पण लेहच्या पुढे जिथे माणूस पहाऱ्याला उभा आहे तिथे अजून जनरेटरच धडधडतो, आणि त्याचा आवाज व धूर शत्रूलाही कळतो. चुशूलला एनटीपीसी आणि सैन्य मिळून सौरऊर्जा आणि हायड्रोजन यांच्यावर चोवीस तास २०० किलोवॉट देणारी यंत्रणा उभारत आहेत, हे मी नंतर वाचले. तुझ्या प्रकल्पाचे जेवढे सांगण्याजोगे होते तेवढे तू सांगितलेस. त्यापलीकडे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. पण सौर पॅनेल, बॅटरी, हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल आणि अडीअडचणीला एक जनरेटर, एवढे ऐकल्यावर माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे एक आकृती उभी राहतेच.

माझे सगळे ज्ञान उन्हाळ्याचे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सगळ्या शहराचे कुलर एकदम सुरू होतात, डीपी म्हणजे गल्लीतले ट्रान्सफॉर्मर तापतात, फ्यूज उडतात आणि लोक रात्री दोन वाजता दाराशी येऊन उभे राहतात. त्या दिवसांत घरात मी कमी आणि फीडरवर जास्त असे. तुझा सामना थंडीशी आहे, आणि थंडीत वीज अगदी वेगळी वागते हे तूच मला शिकवलेस. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की आत धातूचा थर साचतो आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो, म्हणून आधी बॅटरीलाच ऊब द्यावी लागते. उणे ३० अंशांत सौर पॅनेलचा व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतो, सुमारे पंधरा टक्क्यांनी. आमच्या खात्यातल्या निम्म्या अभियंत्यांना हे ऐकून खरे वाटणार नाही. फ्युएल सेलमधून वीज निघते तेव्हा पाणीही निघते, आणि यंत्र बंद पडले की ते पाणी आतच गोठते. एक गोष्ट मात्र मला तू सांगण्याआधीपासून ठाऊक होती. साधारण एक हजार मीटरच्या वर गेले की नेहमीच्या स्विचगिअरचा, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या साधनांचा, भरवसा कमी होतो, कारण विरळ हवा विजेला पुरेशी अडवत नाही. चार हजार मीटरच्या पुढे तर दोन तारांमधले अंतर नव्याने मोजावे लागते.

आणि जमीन. बघ, आलोच मी तिथे. वर्षातले बरेच महिने गोठलेली, खडकाळ, कोरडी जमीन वीज सहजासहजी पोटात घेत नाही. आपल्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचे काम तुझे होते. काळ्या मातीला बोटभर भेगा पडलेल्या असायच्या. तू दोन्ही हातांनी बादली धरून, फ्रॉक भिजवत, त्या खड्ड्यापाशी यायचीस आणि मीठ-कोळशाच्या थरातून पाणी आत जाताना जो फसफस आवाज येई तो कान लावून ऐकायचीस. "हे पाणी कोण पितं?" असे विचारल्यावर मी तुला रोध म्हणजे काय, ओलाव्याने तो कसा कमी होतो, आणि बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या वाटेने कशी जाते, हे सगळे सांगितले. पहिलीतल्या मुलीला हे कशाला सांगता म्हणून आई चिडली होती. तिथे मात्र बादलीभर पाणी ओतले तर त्याचा दगड होईल. तुमच्याकडे त्यासाठी रसायने असतील, लांब पसरलेल्या पट्ट्या असतील, आणखी काही असेल. माझे म्हणणे एवढेच की कागदावर जो ओहमचा आकडा आहे तो जानेवारीच्या रात्री, त्याच जागेवर, पुन्हा मोजला जावा. सप्टेंबरात मोजलेला आकडा जानेवारीत खरा राहत नाही.

हे व्याख्यान झाले, याची मला जाणीव आहे, आणि त्याबद्दल राग मानू नकोस. तुझ्या चमूत हे जाणणारी माणसे आहेत. परवा तू हेच म्हणालीस आणि ते खरेच आहे. मला खरे ज्याचे भय वाटते ते यंत्रात नाही, तुझ्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव चांगला आहे हीच त्यातली अडचण आहे.

तू व्हीएनआयटीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतीस तेव्हा जुना इन्व्हर्टर उघडून बसली होतीस. मेन बंद केले होतेस, वायर काढली होतीस, सगळे नियमाप्रमाणे केले होतेस. तरी बंद केल्यावरही वीज साठवून ठेवणाऱ्या आतल्या कपॅसिटरने तुला झटका दिलाच. तू ते कोणाला सांगितले नाहीस. संध्याकाळी पोळीचा तुकडा तू डाव्या हाताने मोडू लागलीस तेव्हा मला संशय आला, आणि पाहतो तर उजव्या तर्जनीवर पांढरा फोड, त्यावर हळद दाबलेली. मी रागावलो नाही. मी विचारले की शेजारी तुझी मैत्रीण बसली होती ना, मग झाकण तूच का उघडलेस? तू म्हणालीस, "तिला काही झालं असतं तर?" मनू, हे उत्तर ऐकून बापाला अभिमान वाटावा की धडकी भरावी, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. आता तुझ्या हाताखाली तरुण मुले आहेत. काही बिघडले, वारा सुटला आहे, पाहणीसाठी अधिकारी आले आहेत, तारीख उलटत आहे, अशा वेळी तू त्या मुलांना बाजूला सारून स्वतः पॅनेलमध्ये हात घालशील, हे मला इथे गोपाळनगरात बसून स्वच्छ दिसते.

शिडीवाले काका गेले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. ते लाइनवर काम करताना गेले एवढेच तुला सांगितले गेले. कसे गेले ते मी घरात कधी बोललो नाही. आज लिहितो, कारण परवा मी जो प्रश्न तीनदा विचारला आणि ज्यावरून तू ताटावरून उठलीस, तो प्रश्न तिथून आलेला आहे.

मे महिना, लग्नसराई, संध्याकाळी वादळ. एक मोठे कडुनिंबाचे झाड अकरा केव्हीच्या वाहिनीवर पडले आणि तार तुटली. उपकेंद्रातून फीडर, म्हणजे तिकडे जाणारी वाहिनी, बंद केला गेला, तारेवर काम करण्याचे परमिट रीतसर घेतले गेले, उपकेंद्राच्या बाजूने वाहिनी अर्थ केली गेली. काका शिडीवर चढले. तुटलेल्या तारेच्या पलीकडच्या अंगाला एक मंगल कार्यालय होते. तिथे कोणीतरी अंधारात घाईघाईने जनरेटर लावला, आणि बाहेरची वीज तोडून जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नीट नसल्यामुळे त्याची वीज घरगुती वाहिनीतून डीपीकडे उलटी गेली. डीपी उलटा चालला की ४४० व्होल्टचे ११,००० होतात, हे तुला मी सांगायला नको. ज्या बाजूने वीज येते ती बाजू सर्वांनी बंद केली होती. जिथून वीज कधीच येत नाही, ती बाजू अचानक जिवंत झाली. तारेचे ते टोक अर्थ केलेले नव्हते. मी उपकेंद्रात परमिटची वही पुढे ठेवून बसलो होतो. वहीतली प्रत्येक नोंद बरोबर होती. चौकशी झाली, जबानी झाली, आणि काकूंना घेऊन मेडिकल इस्पितळात जाण्याचे काम माझ्याकडे आले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तेव्हापासून कोणतीही आकृती पाहिली की मी आधी ही वीज परत कुठून येऊ शकेल ते शोधतो. तुझ्या यंत्रणेत तर ती चारही बाजूंनी येऊ शकते. सूर्य वर असेपर्यंत सौर पॅनेल बंद करता येत नाही, आणि खाली बर्फ असेल तर परावर्तित उजेडाने ते आणखी देते. बॅटरी तर नेहमीच जिवंत. फ्युएल सेल बंद केला तरी आतला वायू संपेपर्यंत त्याच्या टोकांवर विजेचा दाब राहतो. आणि रात्री दोन वाजता, रेडिओ बंद पडू नये म्हणून, कोणीतरी हवालदार तो राखीव जनरेटर सुरू करील. त्याने तो सुरू केलाच पाहिजे, ते त्याचे कर्तव्य आहे. त्या क्षणी दुसऱ्या टोकाला पॅनेल उघडून तू उभी असशील, तर त्याला ते कळण्याची सोय काय? एवढाच माझा प्रश्न होता, मनू. त्याचे उत्तर तुझ्याकडे असेलही. मला ते ऐकायचे होते.

जवानांविषयी एक सांगतो, हे मात्र अनुभवाचे आहे. ज्या माणसाने तुझी यंत्रणा रोज हाताळायची त्याला तुझ्या प्रयोगशाळेतल्या कोणाही डॉक्टरेटपेक्षा अधिक वेळ दे. जाड हातमोजे घालून तो खटका दाबता येतो का, पाटीवरची अक्षरे हेडलँपच्या उजेडात वाचता येतात का, सूचना हिंदीत आहेत का, हे त्याच्याकडूनच कळेल. चाचणी दिवसा, ताज्या माणसाकडून घेऊ नका. पहाऱ्यावरून नुकत्याच उतरलेल्या, झोप न झालेल्या माणसाकडून घ्या. आमच्या उपकेंद्राच्या बॅटरीच्या खोलीत हायड्रोजन साचू नये म्हणून वर झरोके आणि पंखा असे, आणि थंडीत रात्रपाळीची माणसे त्याच झरोक्यांत पोती कोंबून ठेवत. नागपूरच्या डिसेंबरात हे होते, तर उणे ३० अंशांत तुझ्या शेल्टरच्या झरोक्यांचे काय होईल? कोंबलेले पोते काढून टाकण्याचा हुकूम देऊन भागत नाही. झरोका असा करावा लागतो की त्यातून माणसाच्या अंगावर वारा येणारच नाही. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याची ज्वाला दिवसा धड दिसतही नाही. २०१० साली विशाखापट्टणमला सिंधुरक्षक पाणबुडीच्या बॅटरीच्या कक्षात आग लागली ती बॅटरीतून गळलेल्या हायड्रोजनमुळे, असे नौदलाने सांगितले. त्यात एक नौसैनिक गेला. ही बातमी मी आईला कधी सांगितलेली नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये स्फोट होऊन माणसे गेली तेव्हापासून तुझा फोन रात्री आला नाही की ती देवघरात जाऊन बसते. मी तिला सांगतो की मनूचे काम स्फोटकांचे नाही. ती ऐकून घेते, आणि तिथेच बसून राहते.

तू म्हणालीस, "पीडीसी, म्हणजे काम पूर्ण करण्याची तारीख, दिली आहे, ती पुढे ढकलता येत नाही." आमच्याकडेही तारखा होत्या, आणि त्या मंत्र्यांनी जाहीर केलेल्या असत. तुमच्या क्षेत्रातलेच पाहा. अंबरनाथच्या प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी केलेल्या फ्युएल सेलच्या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी झाली. त्या चमूत तू नव्हतीस, तरी पेढे वाटल्यासारख्या आवाजात तू मला फोन केला होतास. त्यानंतर ती यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकशी करार व्हायला ३० डिसेंबर २०२४ उजाडला. पावणेचार वर्षे गेली. मधल्या काळात कितींनी नावे ठेवली असतील, पण पाण्याखाली माणसे घेऊन जाणाऱ्या यंत्राला तेवढा वेळ लागत असेल तर लागू द्यावा. क्षेपणास्त्रांच्या शास्त्रज्ञ टेसी थॉमस यांचे छायाचित्र तू अभ्यासाच्या टेबलावर लावले होतेस, ते अजून तिथेच आहे. अग्नी-५ चे यश सगळ्यांना आठवते. त्या ज्या अग्नी-३ प्रकल्पात सहयोगी संचालक होत्या त्याची जुलै २००६ मधली पहिली चाचणी फसली होती, हे थोड्यांना आठवते. फसलेले फसले असे मोकळेपणाने नोंदवले गेले, म्हणून पुढचे उड्डाण झाले. प्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बाकी अधिकार नावापुरते असतात. निधी दुसऱ्याचा, निकष सैन्याचे, तारीख वरून आलेली. "आज यंत्र सुरू होणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार तेवढा खरोखर त्याचा स्वतःचा. तो तू वापरशील की नाही, एवढीच काळजी मला आहे, आणि मी ती या पत्रात किती वेळा उगाळली हे मोजून तू हसशील तर खुशाल हस.

लेहला उतरल्यावर पहिले सहा दिवस मुक्काम कर, मग पुढच्या उंचीला चार, आणि त्यापुढच्या उंचीला आणखी चार. सैन्याचा हा नियम त्यांच्या पंचविशीतल्या जवानांनाही लागू आहे, तेव्हा बैठक आहे म्हणून तो तोडू नकोस. तुझे हिमोग्लोबिन गेल्या वेळी काय होते ते तू आईपासून लपवलेस, माझ्यापासून नाही. डिंकाचे लाडू दोन डब्यांत आहेत. एक डबा तुझ्या चमूतल्या मुलांसाठी आहे. दुसरा तुझा, तो वाटून टाकू नकोस.

या पत्रासोबत दोन कागद जोडले आहेत. आमच्या परमिटचा नमुना मी आठवून हाताने लिहून काढला आहे: कोणी मागितले, कोणी दिले, कोणकोणती बाजू तोडली, कोणकोणती बाजू अर्थ केली, किल्ली कोणाच्या खिशात, आणि काम संपल्यावर माणसे मोजून परत कोणी केले. मूळ नमुन्यात एकच रकाना होता, "पुरवठ्याची बाजू". मी त्याचे चार केले आहेत, आणि पाचवा मोकळा ठेवला आहे. तुमच्याकडे याहून चांगला नमुना असणारच. तरी एकदा वाच, आणि त्यात काय चुकते आहे ते लाल शाईने खुणावून मला परत पाठव. पाचव्या रकान्यात काय लिहायचे ते तुझे तू ठरव.

दादाला वर्ध्याच्या कागदांचे मी कळवतो, तू त्यात पडू नकोस. आईचे आणि आजीचे आशीर्वाद.

तुझे
बाबा